पांढरीतला वाडा

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात दिलेले भाषण. बोलताना वेळेअभावी राहिलेले काही तपशील लिहून काढताना घातले आहेत.)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सुचवलं होतं की बँकेतले अनुभव सांगा. पण बँकेतले जे अनुभव सांगता येतात ते कंटाळवाणे असतात, आणि जे कंटाळवाणे नसतात ते निवृत्तीनंतरही सांगता येत नाहीत. म्हणून मी दुसरा विषय घेतला. आपल्यापैकी बहुतेकांची मुळं जिल्ह्यातल्या कुठल्या ना कुठल्या गावात आहेत. कुणी शेवगावकडचे, कुणी पारनेरचे, कुणी अकोल्याचे. त्या गावात आपला एखादा वाडा होता, किंवा अजून अर्धामुर्धा उभा आहे. त्या वाड्याविषयी मी बोलणार आहे. तो बांधला कसा, आणि बांधल्यावर शंभर-दीडशे वर्षांत बदलत कसा गेला.

मी काही वास्तुविशारद नाही, इतिहासाचा अभ्यासकही नाही. पण कर्जाच्या निमित्तानं नोकरीत मी शेकडो घरं पाहिली. तारण म्हणून घर पाहायचं म्हणजे कुठली भिंत जुनी, कुठली नवी, कुठली शेजाऱ्याच्या हद्दीत गेलेली, हे बघावंच लागतं. तेव्हाच्या मूल्यांकनाच्या अहवालात जुन्या वाड्यासमोर एक ठरलेलं वाक्य यायचं : "बांधकामाचे आयुर्मान संपले आहे, घसारा वजा जाता मूल्य शून्य." जागेची किंमत धरायची, लाकडाची अंदाजे धरायची, आणि वाड्याची शून्य. नियमानं ते बरोबर होतं. पण त्या शून्याच्या आत काय काय असतं, ते आज सांगतो.

सुरुवात मातीपासून करू. आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा, गावठाण. पिढ्यान्‌पिढ्या घरं बांधली, पडली, त्याच मातीवर पुन्हा बांधली, म्हणून ती माती पांढुरकी झाली. शेतकरी कसायचा काळीत आणि राहायचा पांढरीत. इंग्लंड-अमेरिकेतल्या गोष्टींत एकटा शेतकरी स्वतःच्या शेताच्या मध्यावर घर करून राहतो, तसं आपल्याकडे नव्हतं. आपलं शेतघर म्हणजे गावातला वाडा. बैल, अवजारं, कडबा, बी-बियाणं, वर्षाचं धान्य आणि तीन पिढ्यांची माणसं, सगळं एका भिंतीच्या आत.

आता आमच्याच वाड्याचं उदाहरण घेतो. राहुरी तालुक्यात, प्रवरेच्या कालव्याच्या टापूत आमचं गाव. वाडा पणजोबांनी बांधला असं घरात सांगतात. खाली काळ्या दगडाचं जोतं, पुरुषभर उंचीपर्यंत दगडी भिंत, वर कच्च्या विटा आणि माती. बाहेरच्या बाजूला एकही खिडकी नाही. पुढं एकच मोठा दरवाजा, त्यात वाकून जावं लागेल असा दिंडी दरवाजा, आणि आतून लावायला अडसर. हा अडसर म्हणजे भिंतीतल्या पोकळीत सरकणारं हातभर जाडीचं लाकूड. पेंढाऱ्यांची भीती संपून तेव्हा पन्नासेक वर्षं झाली असतील, पण भिंतीची सवय अजून गेलेली नव्हती.

दरवाजातून आत आलं की ढेळज. पाहुणा, हिशेबाला आलेला माणूस, बलुतेदार, सगळे तिथपर्यंत. पुढं उघडा चौक, चौकाच्या चारी बाजूंनी सोपे. डावीकडच्या सोप्यात बैल, उजवीकडे अवजारं आणि कडबा, समोर माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि देवघर. माजघराच्या भिंतीला लागून बळद, म्हणजे धान्याची बंद कोठी. वरून भरायची आणि खालच्या भोकातून लागेल तसं काढायचं. जादा धान्य ढेळजेसमोरच्या पेवात.

घर मोजायचं ते खणांत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. घर केवढं असं विचारलं तर कुणी चौरस फूट सांगत नसे, "नऊ खणी सोपा" म्हणून सांगत. आणि यातच बांधणीचं मर्म आहे. छताचा भार मुख्यतः खांबांवर. दगडाचा तळखडा, त्यावर सागवानी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर लाकडी चिपांचा दाट थर म्हणजे किलचण, त्यावर पाला, त्यावर चिखल, आणि सगळ्यात वर वीतभर खारी पांढरी माती. हे माळवद, कुणी धाबं म्हणतात. खारी माती अशासाठी की तिच्यात गवत धरत नाही आणि पहिल्या पावसात ती फुगून भेगा बुजवते. दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपायची, उतार धरायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या.

हे छप्पर आपल्या जिल्ह्याच्या हवेतून आलेलं आहे. नगर, शेवगाव, कर्जत, जामखेड इकडे वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तेवढ्याला मातीचं सपाट छत पुरतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात आत गारवा राहतो. याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीकडे जा. तिथं सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो, तिथं माळवद एक आठवडा टिकणार नाही. म्हणून तिकडे उतरती छपरं. एकाच जिल्ह्यात दोन प्रकारची घरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर.

हा झाला मूळ वाडा. आता बदलांचा हिशेब.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात (आपल्या पारनेर तालुक्यातलं सुपं नव्हे बरं का) शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि तो लगेच आपल्या जिल्ह्यातल्या गावांत पसरला. लोकांना हवे होते ते कर्जरोखे. ते काढून जाळले. १८७९ मध्ये शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. बँकवाल्याला ही हकिकत विसरता येत नाही. त्या काळात बांधलेले काही सावकारी वाडे मी पाहिलेत. त्यांची कागदपत्रांची खोली सगळ्यात आत, तिला दोन दारं, आणि दाराला लोखंडी पट्ट्या. देवघरापेक्षा दप्तरखान्याची भिंत जाड! घर बांधणाऱ्याला कशाची भीती होती ते भिंतीच्या जाडीवरून कळतं.

त्यानंतर १८७८ ची दौंड-मनमाड रेल्वे. रेल्वेनं लांबचं सामान जिल्ह्यात आणलं : पन्हाळी पत्रे, लोखंडी गज, मंगळुरी कौलं. या कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला काढला होता. पण सामान आलं म्हणून घर लगेच बदलत नाही. हातात पैसा यावा लागतो. आमच्या भागात तो पाण्याबरोबर आला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेचे कालवे वाहू लागले, ऊस आला, गुऱ्हाळं लागली. गुळाच्या पैशातून आजोबांनी ढेळजेवर माडी चढवली. माडीला मंगळुरी कौलं, सज्जाला नक्षीचा कठडा, आणि रस्त्याकडे तीन खिडक्या. जो वाडा साठ-सत्तर वर्षं रस्त्याकडे पाठ करून बसला होता, त्यानं पहिल्यांदा बाहेर डोळे उघडले. भीती कमी झाली होती आणि चार लोकांनी आपलं घर पाहावं असं वाटू लागलं होतं.

पण या माडीमुळे एक अडचण झाली. माडीच्या कौलांवरचं पाणी शेजारच्या माळवदावर पडू लागलं. मातीचं छत संथ पावसासाठी, त्यावर कौलाची धार पडली की खड्डा. मग तिथं पत्र्याची पन्हळ बसवली. दहा-बारा वर्षांत ती गंजली, पुन्हा बसवली. आज वाड्याचा जो कोपरा सर्वांत आधी ढासळला तो नेमका तोच. नवा भाग जुन्या भागाला जिथं भेटतो, दुखणं तिथंच सुरू होतं. आपल्या टेरेसवरच्या गळतीचं कारण शोधतानाही हेच आढळलं होतं, कमिटीतल्या मंडळींना आठवत असेल.

तिसरा बदल सगळ्यात मोठा, आणि तो वाड्याला न शिवता झाला. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ऊस वाढला तसं शेताला रात्रंदिवस माणूस लागू लागलं. पाण्याची पाळी रात्री दोनला आली तर गावातून चालत कोण जाणार? आधी शेतात एक छप्पर पडलं, मग बैल तिकडे गेले, मग त्यांच्यामागे थोरले काका गेले, मग पत्र्याच्या तीन खोल्या, आणि पुढं विहिरीवर वीज आल्यावर स्लॅबचा बंगला. याला आपण वस्ती म्हणतो. अख्खा बागायती पट्टा असा एका पिढीत पांढरीतून काळीत राहायला गेला. वाड्यातला गोठा रिकामा झाला. पोत्यानं ज्वारी साठवायची गरज राहिली नाही, कारण उसाचा पैसा बँकेत येऊ लागला, आमच्यासारख्यांच्या हाती. बळदाच्या भिंतीला दार पाडून आईनं तिथं कपड्यांच्या ट्रंका ठेवल्या. पेव बुजवलं. वाडा शेतघर म्हणून तिथंच संपला, नुसतं घर उरलं.

चौथा बदल वाटणीचा. चार भाऊ, चार चुली. चौक एकच, तो कसा वाटणार? आधी ओसरीवर कुडाची आडभिंत, मग विटांची, आणि शेवटी चौकाच्या मधोमध. मधे तुळशीवृंदावन होतं. ते कुणाच्या वाट्याला जावं यावर दोन महिने बोलणी चालली. अखेर भिंतीला तिथं कोन देऊन वृंदावन दोन्हीकडून दिसेल असं ठेवलं. कुठलाही इंजिनिअर म्हणेल, ही भिंत वाकडी का? ती वाकडी आहे कारण त्या दिवशी माणसं सरळ वागली. ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठवर एका घराची चार घरं झाली, पण भिंतीच्या त्या कोनाची नोंद कुठल्याच उताऱ्यावर नाही.

पाचवा बदल धुराचा. चूल गेली, गॅस आला. घरातल्या बायकांचे डोळे आणि छाती वाचली, याहून चांगलं काही नाही. पण वर्षानुवर्षं चुलीचा धूर किलचणीवर बसत होता आणि किडा-वाळवीला दूर ठेवत होता. धूर गेल्यावर लाकडाची काळजी दुसऱ्या रीतीनं घ्यायला हवी होती, तेल किंवा औषध लावून. ते कुणी केलं नाही. पाच-सात वर्षांत वाळवी तुळईपर्यंत पोचली.

त्यातच सिमेंट आलं. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करायचा म्हणजे घामट माणसाला प्लॅस्टिकचा सदरा घालायचा. मातीची भिंत ओल घेते आणि हवेला देते. सिमेंटनं ती वाट बंद होते, ओल आत कोंडते आणि खांबाच्या तळाशी साचते. आमच्याकडे तळखड्याभोवती फरशी बसवून सिमेंटनं सांधली. वरून घर चकाचक. चार पावसाळ्यांनी खांबाचा बुंधा बोटानं भुगा व्हावा असा झाला.

आणि ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, आणि त्यातली फार मोठी संख्या दगडमातीच्या भिंती व मातीच्या जड छतांखाली गेली. त्या वर्षी आपल्याकडेही अनेकांनी भीतीनं माळवदाची माती उतरवली आणि पत्रे घातले. भीती खोटी नव्हती. दर वर्षी माती टाकत गेलं आणि जुनी काढली नाही, तर वीतभराचा थर हातभर होतो, आणि ते वजन खालच्यांच्या डोक्यावर असतं. पण अभ्यासकांनी त्याच भागात एक गोष्ट नोंदवली : जिथं छताचा भार चांगल्या लाकडी खांबांवर होता, तिथं भिंती ढासळूनही छत उभं राहिल्याची उदाहरणं होती. जुन्यांची खणाची पद्धत भक्कम होती, तिच्यावर चढत गेलेलं वजन आणि सुटलेले सांधे घातक होते. म्हणून मी जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी नाही. जुन्यातलं काय भार उचलतं आणि काय नुसता भार आहे, एवढं वेगळं करता आलं पाहिजे.

आता हे सगळं मला कळलं कसं? घरातल्यांनी सांगितलं ते थोडं. बाकी वाड्यानंच सांगितलं. काही खुणा सांगतो, तुम्हीही आपल्या गावी जाऊन पाहा.

खांबाला किंवा तुळईला कारण नसलेली रिकामी खाच दिसली, तर ते लाकूड आधी दुसऱ्या घरात होतं. जुने सुतार खिळ्यांवर विसंबत नसत, खाच आणि कुसू यांवर सांधा जमवत, त्यामुळे अख्खा वाडा उकलून दुसरीकडे उभा करता येई. झोपायच्या खोलीची किलचण काळीकुट्ट असेल तर तिथं कधीकाळी चूल होती. जोत्याच्या दगडांची घडाई एका रेषेपासून बदलली तर तिथून पुढचा भाग मागाहून जोडला. दाराचा उंबरठा जमिनीच्या पातळीत आला असेल तर रस्ता तेवढा वर आलाय.

हे शास्त्र इंग्लंडात फार पुढं गेलं आहे. मुलाकडे तिथं काही महिने राहिलो तेव्हा एक जुनं शेतघर पाहायला गेलो होतो. दाखवणाऱ्या बाईंनी आम्हाला पोटमाळ्यावर नेऊन छताचे वासे दाखवले, काजळीनं काळे. का? तर मुळात ते घर म्हणजे छपरापर्यंत उघडं एकच मोठं दालन, मधे जमिनीवर जाळ आणि धूर छपरातून बाहेर. पुढं विटांची चिमणी आली, मग धूर नाही म्हणून मधे मजला घालता आला, मग खोल्या पडल्या. काळे वासे वर राहून गेले आणि साक्ष देत राहिले. मला आमच्या स्वयंपाकघराची किलचणच आठवली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकारानं १९५३ मध्ये मांडलं की १५७० ते १६४० च्या दरम्यान इंग्लंडच्या खेड्यांत असे घरबदल मोठ्या प्रमाणावर झाले, कारण शेतकऱ्याच्या हाती पैसा खेळू लागला होता. म्हणजे तिकडचं धान्य-लोकर आणि इकडचा गूळ, गोष्ट तीच.

त्यांच्याकडे आणखी एक वाद झाला. जुनी इमारत दुरुस्त करताना मधली सगळी भर काढून टाकायची आणि 'मूळ रूप' द्यायचं, अशी टूम एकोणिसाव्या शतकात निघाली. विल्यम मॉरिस यांनी तिला विरोध केला आणि १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. त्यांचं म्हणणं, रोजची निगा राखा, पण इमारतीचं मधलं आयुष्य खरवडू नका. मला ते पटतं. आमच्या वाड्याचं मूळ रूप कुठलं? पणजोबांचं बिनखिडकीचं, की आजोबांच्या माडीचं, की वृंदावनापाशी वाकलेल्या भिंतीचं? खातेवहीतली मधली पानं फाडली तर शिल्लक जुळत नाही.

आपल्या जिल्ह्यात दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत. कोपरगावचा राघोबादादांचा वाडा. पेशव्यांच्या घरातल्या पुरुषाचं निवासस्थान, पुढं इंग्रजी अमदानीत तिथं सरकारी कचेऱ्या भरत. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोपरगावच्या शेतकऱ्याला तो वाडा कचेरी म्हणूनच ठाऊक असणार. आणि दुसरं चोंडी, जामखेड तालुक्यातलं. तिथल्या पाटलांच्या, माणकोजी शिंद्यांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी अहिल्यादेवींचा जन्म झाला. आता आपल्या जिल्ह्याला त्यांचंच नाव आहे. एका पाटलाचं गावातलं घर आज सगळ्या देशाचं झालं. अशा वास्तूंकडे सरकारचं लक्ष जातं, आणि ते जावंच. स्मारकांसाठी राज्याचा १९६० चा कायदाही आहे. पण तो यादीतल्या स्मारकांसाठी. तुमच्या-माझ्या वाड्याचं नाव कुठल्याही यादीत येणार नाही. त्याला राखणारे किंवा पाडणारे आपणच.

आणि पाडणं सध्या जोरात आहे. आमच्याकडे मागं लाकडाचा व्यापारी आला. टेपनं खांब मोजले, टोकरून लाकूड पाहिलं आणि रोख आकडा सांगितला. हॉटेलं, रिसॉर्टं, शहरातले बंगले यांना जुने नक्षीचे खांब आणि दारं हवी असतात. ज्या वाड्याची किंमत अहवालात शून्य होती, त्याच्या दाराला आता लाखाचा भाव! आमचे आज अकरा वारस. चुलत भावंडांची बैठक वस्तीवर झाली, तीन तास चालली, आवाज चढले, चहा तीनदा झाला. धाकट्या पातीनं आपल्या वाट्याचं लाकूड विकलं. मी त्यांना बोल लावत नाही. मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे होते आणि वाड्याचा तो भाग गळत होता. खांब ट्रकमध्ये चढले त्या संध्याकाळी त्यांच्याकडे चार तळखडे आणि मोकळं आकाश उरलं. बाकीच्यांनी ठरवलं की मागचा धोकादायक भाग उतरवायचा, पण ढेळज, तिच्यावरची माडी आणि पुढचे चार खण राखायचे. मागच्या भागातलं चांगलं लाकूड पुढच्या भागात कुजलेल्या खांबांच्या जागी वापरलं. फरशी उखडली, सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला, माळवदाचा जादा थर उतरवला. खर्च वाटून घेतला. उद्या पुढची पिढी काय करील ते सांगता येत नाही, पण त्यांना निवड करायला काहीतरी शिल्लक आहे.

तेव्हा आपणा सर्वांना माझी विनंती अशी आहे. वाडा ठेवायलाच हवा असा आग्रह मी धरणार नाही. प्रत्येकाची ऐपत आणि अडचण वेगळी. पण पाडण्याआधी चार गोष्टी करा. एक, मोजमाप घेऊन साधा नकाशा काढा; आर्किटेक्चर कॉलेजची मुलं अशी कामं हौसेनं करतात. दोन, प्रत्येक खोलीचे फोटो, छताचे आणि सांध्यांचेसुद्धा. तीन, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला त्या खोल्यांतून फिरवून विचारा, इथं काय होतं? पुरुषांना कोर्टातल्या तारखा आठवतात, चूल कधी हलली ते बायकांना आठवतं. चार, कागद पुरे करा. गावठाणातल्या घरांना पूर्वी नमुना आठशिवाय कागद नसे. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. त्यात सर्व वारसांची, बहिणींचीसुद्धा, नावं नीट आहेत ना ते पाहा. घर पडण्यापेक्षा घरातली माणसं तुटणं वाईट, आणि ती तुटतात कागदावरून.

आता शेवटचं, आपल्या सोसायटीविषयी. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथं आलो तेव्हा सगळ्या बाल्कन्या उघड्या होत्या. आज किती उघड्या आहेत ते खाली उभं राहून मोजा. कुणी बाल्कनी घेऊन खोली मोठी केली, कुणी ग्रिल लावली, कुणी ओट्याखालची भिंत काढली. जिन्याला कठडा आला, प्रवेशाला उतार आला, कारण आपलेच गुडघे दुखायला लागले. हे बदल होणारच, राहत्या घराचं ते लक्षण आहे. पण वाड्यात भार खांबावर होता तसा इथंही कुठल्या तरी खांबावर, कुठल्या तरी भिंतीवर आहे, आणि ती कुठली हे ठाऊक नसताना हातोडा उचलायचा नाही. एका फ्लॅटमधला बदल चार मजले खाली पोचतो. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी करायचं असतं. त्याचा खर्च वार्षिक सभेत आला की आपण सगळे एकदम काटकसरी होतो. यंदा होऊ नका.

माझी कमिटीला एक सूचना आहे. या रौप्यमहोत्सवी वर्षात एक फाईल उघडावी. त्यात मंजूर नकाशाची प्रत, नळ आणि ड्रेनेजच्या लाईनी, आणि प्रत्येक फ्लॅटमध्ये आजवर झालेले बदल, वर्षासकट. दंड करण्यासाठी नव्हे. उद्या दुरुस्ती निघेल, पुनर्विकास निघेल, तेव्हा आपल्या मुलांना खोटे अंदाज करत बसावं लागू नये म्हणून. पणजोबांनी अशी एक वही ठेवली असती तर आम्हाला खाचा आणि काजळी वाचत बसावं लागलं नसतं. माझ्या फ्लॅटमधले तीन बदल मी आजच लिहून आणले आहेत. ते सेक्रेटरीसाहेबांकडे देतो आणि तुमची रजा घेतो.